डब्यात पापड ठेवणारे लांजेवारसाहेब

लोखंडी डबे विकायला आलेल्या माणसाला आमचे लांजेवारसाहेब आधी किंमत विचारत नसत. ड्रॉवरमधून उडदाचा एक पापड काढायचे, डब्यात ठेवायचे, दार पक्कं आवळायचे आणि माळ्याला हाक मारायचे. माळी झारी घेऊन यायचा आणि डब्याला चारी बाजूंनी आंघोळ घालायचा. मग सगळ्यांना चहा. चहा संपला की साहेब डबा उघडून पापड कानाशी नेत आणि मोडत. कडकन वाजला तर डबा पास. नुसता वाकला तर, "घेऊन जाय भाऊ, याच्यात कोंबड्या ठेव."

कन्हानजवळच्या एका कोळसा फोडायच्या कारखान्यात विजेचं कोणतं सामान कोणत्या डब्यात बसवायचं, हे ठरवणं त्यांचं काम. मी खरेदी विभागात, समोरच्याच टेबलावर. मोटारीचा स्टार्टर उघडा राहिला तर त्यात कोळशाची भुकटी बसते, पाणी शिरतं, नाहीतर एखादी पाल शिरून स्वतः मरते आणि कारखानाही बंद पाडते. म्हणून साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मले सांग गा, अंदर घुसणार कोन?"

मुंबईहून एक टायवाला आला होता. म्हणाला, "सर, आमचा डबा समुद्रकिनारीसुद्धा टिकतो."

"टिकत असंन. पण नागपुरात समुद्र कुठी हाय? धुळीचं बोल." असं म्हणून साहेबांनी पंखा जोरात लावला आणि ड्रॉवरमधल्या पुड्यातला मूठभर मैदा डब्यावर उडवला. डब्यात कणही गेला नाही. टायवर मात्र सगळा बसला.

"अंदर घुसणार कोन?" हा प्रश्न ते डब्यापुरता ठेवत असते तर बरं होतं. प्रताप नगरात एका सहकाऱ्याची वास्तुशांती होती. साहेबांनी देवाच्या आधी मीटरच्या डब्याचं दर्शन घेतलं आणि यजमानांना म्हणाले, "पालीचा गृहप्रवेश होऊन गेला, तुमचा कधी हाय?" हेडक्लार्क मुलीच्या स्थळाचं कौतुक सांगत होते, मुलगा इंजिनीअर, स्वतःचा बंगला. साहेबांनी विचारलं, "खिडक्याइले जाळी हाय काय?" लग्न झालं, पण त्याआधी मुलाकडच्यांना जाळ्या बसवाव्या लागल्या.

हे सगळं घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. पण आणीबाणीच्या आदल्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यात बायको घरात नव्हती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. जेवता जेवता तिच्या वडिलांविषयी मी नको ते बोललो आणि ती सकाळच्या गाडीने अमरावतीला निघून गेली. ऑफिसात मी सांगितलं, सासूबाईंना बरं नाही. आणायला जायचं, असं रोज सकाळी ठरवायचो. संध्याकाळी वाटायचं, तिने आपणहून यायला काय झालं? चूक माझीच होती हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर जाणं जास्त अवघड.

सासूबाईंचं दुखणं लांबत चाललं.

"काय झालं गा तुझ्या सासूले?" साहेबांनी एकदा विचारलं. मी म्हणालो, गुडघे. काही दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा विसरून पोट सांगितलं. साहेबांनी दोन्ही वेळा तितकीच गंभीर मान हलवली.

मे महिन्यात क्रशरजवळच्या डब्याने घात केला. पापडात पास, मैद्यात पास, दाराला चहूकडून रबराची पट्टी. पण दुपार झाली की आतला स्टार्टर तापायचा आणि मोटार बंद पडायची. मॅनेजर चिडले. म्हणाले, "डब्याला भोकं पाडा."

"मंग पाल घुसंन."

"तिला नोकरीवर घेतो! मोटार तर चालेल!"

आम्ही दोघं डब्यापाशी गेलो. साहेबांनी दार उघडलं तशी भट्टीसारखी झळ तोंडावर आली.

"पाह्य," साहेब हळूच म्हणाले, "बाहेरचं कायी घुसलं नाही. अंदरचंच तापून राहिलं. याची गरमी मी हिशेबात धरलीच नाही गा." मग म्हणाले, "मोठा डबा घेऊ. तापायले जागा पायजे."

तरी दार लावेनात. नजर डब्यातच ठेवून पुढे बोलले, "तुझ्या सासूचं पोट का गुडघे, ते मले नको सांगू. मी जुन्या आफिसात मेहुणीचं लग्न सांगितलं होतं."

मला काही कळेना. साहेबांचं लग्नच झालेलं नाही, असं सगळा कारखाना धरून चालला होता.

"वर्ध्याले गेली माहेरी. मी म्हणलं, येईन ती आपल्या पायानं, मी काहून जाऊ? बसलो वाट पाहत. मंग एक दिवस तिचा भाऊ आला, सामान घेऊन गेला. मी दारातच उभा होतो. त्याच्यासंगं निरोप द्यायचंही सुचलं नाही."

"आता कुठे असतात त्या?"

"तिथंच. शाळेत शिकवते म्हणतात." मग एकदम डाफरले, "अमरावतीची गाडी किती वाजता हाय?"

"साहेब, पण इथे मोटार..."

"मोटार मी पाहतो. तू जाय."

मी गेलो. सासूबाई ठणठणीत होत्या आणि माझ्याशी बोलत नव्हत्या. बायकोला मी काय म्हणालो, ते इथेही लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं नागपूरच्या बसस्टँडवर उतरलो, तर समोर लांजेवारसाहेब. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. येणार असं बोलले नव्हते; अमरावतीची प्रत्येक गाडी पाहत उभे असावेत.

"नमस्कार वहिनी," म्हणाले. पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तिच्या हातातली बॅग घेतली आणि चालू लागले. रिक्षांची रांग मागे पडली तरी थांबेनात.

"ओ काका, सवारी तो इधर है!" एक रिक्षावाला ओरडला.

"अहो, बॅग घेऊन कुठं निघालेत हे?" बायको हसू दाबत म्हणाली.

हाक मारायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पुढच्या चौकापर्यंत ती बॅग मी त्यांना नेऊ दिली.