भिंतीपलीकडचं यंत्र

सिनेमाच्या संगीतातून अवधूतला पैसा मिळणार नव्हता. मिळणार होतं पडद्यावर नाव, आणि नवऱ्याच्या अंगात कला आहे ही ऋजुताची कबुली. लग्नापासूनची थकबाकी होती ती.

सिनेमा हाणामारीचा. दिग्दर्शक इंद्रजित, जन्मानं लीड्सचा. त्याला आजवर कुणी न ऐकलेलं संगीत हवं होतं. म्हणून अवधूत इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या घरात संबळ, क्लबातलं ड्रम-अँड-बेस आणि कुकरची शिट्टी यांचं लग्न लावत बसला होता. वाजंत्री रंगात आली की शेजारचे दीनानाथकाका भिंतीवर काठी आपटत.

"ठेका धरतात बघ," अवधूत संशयानं म्हणाला. "मंडळात पेटी वाजवतात ते. चाल उचलणार."

"त्यांना चाल नकोय रे, झोप हवीय," ऋजुता म्हणाली.

एकदा साखर मागायच्या निमित्तानं तो काकांकडे डोकावला. भिंतीशी एक यंत्र, त्याचा माइक थेट आपल्या घराकडे.

"काका, हे काय?"

"रेकॉर्डर," काका नजर चुकवत म्हणाले. "कळेल तुला."

अवधूतची खात्रीच पटली. काका ई-मेल बघायला त्याच्याच कॉम्प्युटरवर येत. त्यानं सगळं संगीत एका सीडीवर घेतलं, कॉम्प्युटरवरचं पुसलं आणि सीडी ओव्हनच्या तळाशी, तव्या-कढयांखाली सरकवली. मराठी घरातला ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट. तिथे कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी, इंद्रजित यायच्या तासभर आधी, ऋजुतानं तवे-कढया बाहेर काढून ओव्हन पेटवला.

"कसला वास येतोय?"

"नानकटाई करतेय काकांसाठी. त्यांनी तुझी कम्प्लेंट केलीय, ते मशीन कौन्सिलनं तुझ्या गोंगाटाच्या पुराव्यासाठी दिलंय. म्हटलं, जरा गोड बोलून बघू. तू का असा पांढरा पडलास?"

प्लॅस्टिकच्या वासाची नानकटाई घेऊन अवधूत काकांच्या दारात उभा राहिला.

"काका, माझ्याविरुद्धचा पुरावा जरा ऐकायला मिळेल का? पाहुण्यालाही ऐकवायचाय."

"ऐकव की. तक्रार मात्र मागे घेणार नाही."

इंद्रजितनं काकांच्याच सोफ्यावर बसून डोळे मिटून सगळं ऐकलं. मध्येच ताडकन उठला.

"अवधूत, तुझा म्युझिक ओके आहे. पण ही ढब्-ढब् कोण वाजवते? एकदम डेंजर आहे."

काकांनी काठी हळूच सोफ्यामागे लपवली.

सिनेमाभर शेवटी तीच ढब्-ढब् वाजली. संबळ आणि शिट्टी कापली गेली. पडद्यावर नाव आलं काकांचं. "कला आहे हं तुमच्या अंगात," ऋजुता म्हणाली, तीही काकांनाच.

कौन्सिलच्या दंडाच्या पत्रावर मात्र वाजवणारा म्हणून एकट्या अवधूतचं नाव होतं. दंड त्यानंच भरला, पत्र तेवढं फ्रेम करून घेतलं.