मशेरीचा विलायती डबा

सरकारला नाक नसतं. डोळे असतात, तेही छापील मजकूर वाचण्यापुरते. हे एकदा मान्य केलं, की आमच्या सिल्वासाच्या कस्टम चौकीचा कारभार किती निर्दोष आहे ते कोणालाही पटेल. (मी तिथं कारकून आहे. मला पटलेलं आहे.)

१९६४च्या मार्चात चौकीने रघुनाथची टॅक्सी अडवली. दुधनी-खेरडीकडची अडलेली बाई वापीच्या दवाखान्यात न्यायची तर मुलखात ही एकच गाडी. त्या दिवशी आत शाळेच्या सुमनबाई बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत विलायती तंबाखूचा गोल डबा सापडला आणि डब्यात मशेरी. बाई मूळच्या चिपळूणकडच्या, मशेरीशिवाय त्यांची सकाळ होत नसे. पण मास्तरीण मशेरी लावते हे पोरांना कळायला नको, म्हणून दमणहून आलेला हा रिकामा डबा त्यांनी कामाला लावला होता. वास दहा पावलांवर येत होता. आम्ही चौघेही (साहेब धरून) रोज तीच लावून कामावर येतो. तरी नियम स्पष्ट होता: डब्यावर जे छापलंय तेच आत आहे असं समजावं. परदेशी तंबाखू जप्त, ती वाहणारी गाडीही जप्त. बाई सुटल्या, कारण बाई हे वाहन नव्हे.

गाडीला मालाची कल्पना नव्हती, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. रघुनाथ म्हणाला, "साहेब, मलाच नव्हती, तर गाडीला कुठून असणार?" हे उत्तर उद्धट म्हणून नोंदवलं.

नमुन्याची तपासणी रोज सकाळी सातला, तोंड धुण्याआधी होई. पहिले दहा दिवस निष्कर्ष निघाला नाही. अकराव्या दिवशी डब्याचा तळ दिसला. अहवाल असा: 'चांगली भाजलेली. आणखी नमुना मागवावा.'

त्याच आठवड्यात दुधनीची एक बाई बैलगाडीतून वापीला निघाली आणि वाटेत बाळंत झाली. मूल गेलं. यात चौकीचा काही दोष नाही. बैलगाडीची झडती आम्ही तीन मिनिटांत उरकली होती.

रघुनाथचं अपील साहेबांच्या हुकमाविरुद्ध होतं, म्हणून ते साहेबांनीच ऐकलं. (हुकूम त्यांना पाठ होता.) सुनावणीला सुमनबाई उठल्या. खिडकीत त्यांचीच सातवी इयत्ता लटकली होती. "मशेरी आहे ती. माझी. तेवीस वर्षं लावते. लाज वाटली म्हणून लपवली. माझ्या लाजेपायी एक पोर गेलं. आता तरी गाडी सोडा." माझ्याने वर बघवेना.

साहेबांनी अपील मंजूर केलं. माल देशी ठरला. डबा बाईंना सन्मानाने परत मिळाला, रिकामा. मात्र छापील मजकूर वाचायचाच तर सगळा वाचावा, म्हणून साहेबांनी इंजिनही वाचलं. गाडी जर्मन निघाली. पोर्तुगीज अमलात आलेली, आयातीचा कागद नाही. टॅक्सी नव्याने जप्त झाली.

ती चौकीमागे उभी आहे. हल्ली तिच्यात कोंबड्या बसतात. तुम्हाला आमच्या साहेबांचं हसू आलं असेल, हसा. फक्त आधी तुमच्या फडताळातला तो विलायती बिस्किटांचा डबा खाली काढा. आत सुईदोरा आहे, आणि नाव पाहुण्यांना दिसेल असं पुढे वळवून ठेवलंय. चौकीत नवी भरती निघाली, की आम्ही अशाच घरांतली माणसं घेतो.