लाल भिंतीला लाल लाईट

आधी ऐक, प्रेमा. मधे बोलायचं नाही आणि हसायचं तर अजिबात नाही. सगळं पोशेरा गाव माझ्यावर हसून झालंय, तू तरी माझ्या बाजूने राहा!

तुला माहितीये ना, जव्हारच्या आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. आणि प्रॅक्टिकलला पहिली! पोरं फ्यूज बांधेपर्यंत मी अख्खा बोर्ड भरून चहा पिऊन यायचे. आता नाशिकला अप्रेंटिसशिप लागलीये. फक्त फॉर्मवर बाबांची सही पाहिजे. तर बाबा म्हणाले, "संदीपच्या लग्नात घरची लाईट तू कर. बघू काय शिकलीस. नीट झालं तर सही."

मी म्हटलं, "बाबा, अशी लाईट करीन, की वांगणीचं वऱ्हाड नवरी सोडून बल्ब बघत बसेल!"

संदीपदादा भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला आहे. त्याच्याकडून चार स्मार्ट बल्ब मागवले. बटणाला हात लावायचा नाही, फोनवरून हवा तो रंग! मी वहीत प्लॅनच काढला. पडवीला पिवळा, पाहुण्यांचे चेहरे उजळ दिसतात. चूलघराला पांढरा, तांदळातले खडे दिसतात. गोठ्याला निळा, त्याने जनावरं शांत राहतात. कुठे वाचलं ते विचारू नकोस. निळ्या उजेडात आमच्या शेळ्यांनी एकमेकींना ओळखलंच नाही, करडू तीन जणींच्या लाथा खाऊन आईकडे पोचलं, पण ते सोड.

आणि मधल्या घराला, जिथे भिंतीवर पिठाने लग्नाचा चौक चितारायचा, तिथे लाल! गेरूने सारवलेली लाल भिंत, तिच्यावर लाल लाईट. मॅचिंग! आहे की नाही डोकं?

आता आमच्या पाड्यात रेंज कुठे येते? पडवीच्या तिसऱ्या वाशाला. तिथून हातभर इकडे नाही की तिकडे नाही. म्हणून दादाचा फोन पिशवीत घालून त्या वाशाला टांगला, त्याचं हॉटस्पॉट बल्बांना दिलं, आणि खाली उभी राहून माझ्या फोनवरून मी हुकूम सोडत होते. चालू! बंद! जांभळा! बाबांनी दोनदा मान वर करून बघितलं. म्हणजे अर्धी सही झालीच! मी तर खुशीत घरातले सगळे जुने बल्ब शेजारच्या मंगळ्याकाकांना देऊन टाकले. म्हटलं, घ्या, गरिबांना उपयोगी पडतील.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच सवाशिणी आल्या. काशीआत्या, फागीमावशी, लाडकीकाकी. तांदळाचं पीठ कालवलं, बांबूच्या काड्या ठेचल्या, बसल्या भिंतीसमोर. मधल्या घराला खिडकी नाही. भरदुपारीसुद्धा तिथे मांजरावर पाय पडतो, म्हणून सगळा भार माझ्या बल्बावर. आणि कोपऱ्यात सुकरीआजी, आमची धवलेरी. तीच गाणी गाऊन लग्न लावते. चौक पुरा झाल्याशिवाय ती पुढचं गाणं धरत नाही, आणि गाणं धरल्याशिवाय हळद लागत नाही.

लाडकीकाकी म्हणाली, "रंजे, हा लाल दिवा काढ गो. डोळं चुरचुरतात."

"काकी, ही थीम आहे!"

"थीम म्हंजे?"

"म्हंजे... मॅचिंग!"

तरी म्हातारी माणसं म्हणून मी रंग बदलायला गेले, तर वाशाला फोनच नाही! दादा फोन काढून जव्हारला गेला बाशिंग आणायला. फोन माझा आहे, म्हणतो! अरे पण हॉटस्पॉट माझं होतं ना? बल्ब बंद करून चालू केला, पुन्हा लाल. परत केला, परत लाल. मीच ठासून सेव्ह केला होता. चूलघरातला पांढरा काढला असता, तर तिथे तांदूळ निवडणाऱ्या बायका अंगावर आल्या असत्या.

"बॅटरी आण मग," फागीमावशी म्हणाली.

आता तूच विचार कर, प्रेमा. सर्टिफिकेटवाली वायरमन घरात, बाबा दारात, आणि बायका बॅटरी लावून चौक काढणार? मी ठणकावून सांगितलं, "लाईट बरोबर आहे. तुम्ही काढा!"

काढला त्यांनी. तासाभराने काशीआत्या मागे सरकली. "बाय गो! भिंतीवर तर काहीच नाही!"

खरंच, भिंत लाल ती लाल. फागीमावशी म्हणाली, "तुझं पीठ पाणचट."

"माझं पीठ? तुझे तांदूळ रेशनचे!"

मग लाडकीकाकीने पीठ घट्ट कालवलं आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं. तासाभराने परत तेच. मी टेस्टर लावून बघितला आणि जाहीर केलं, "व्होल्टेज कमी आहे." काशीआत्याने पिठाला नमस्कार केला आणि तिसऱ्यांदा काढलं.

दुपार कलली. पडवीत हळदीची ताटं तयार, माणसं उपाशी. बाबा दर पाच मिनिटांनी आत डोकावून माझ्याकडे असं बघायचे, जसं बियाणं उगवलं नाही की दुकानदाराकडे बघतात.

तेवढ्यात दादा आला. मी फोन हिसकावला, वाशाला टांगला, आणि दाबलं. पांढरा!

अगं, काय सांगू! भिंतीवर एकावर एक तीन चौक! पीठ सुकून झक्क पांढरं झालेलं. नवऱ्याच्या घोड्याला अकरा पाय! नवऱ्याच्या टाळूतून ताडाचं झाड उगवलेलं. तारप्याच्या सुरावर नाचणाऱ्या माणसांचा गोल असा गुंतलेला, जशी पहिल्या वर्षाच्या पोरांनी केलेली वायरिंग! लाल उजेडात लाल भिंत आणि पांढरी रेघ सारखीच दिसते, हे मला कोणत्या पुस्तकात शिकवलं होतं, सांग?

सुकरीआजी भिंतीजवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "तीन चौक? मंग तीन नवऱ्या आणा."

सगळे हसले. आणि माझ्या चुलतभावाला, त्या पोश्याला, हे वाशाखाली जाऊन फोनवर वांगणीच्या कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना. दहाव्या मिनिटाला वाशावरचा फोन वाजला. वांगणीवरून खुद्द नवरी, प्रगती! दादाने स्टुलावर चढून कान पिशवीला लावला आणि अख्ख्या पडवीला ऐकू आलं.

"बाकीच्या दोघी कोण?"

"कुठल्या दोघी?"

"तीन चौक काढलेत म्हणे! भिवंडीच्या का?"

"अगं, बल्बामुळे झालं!"

"बल्बामुळे? मला काय येडी समजतोस?"

दादा स्टुलावर उभा, घामाने डबडबलेला, रेंज जाईल म्हणून मानही हलवता येईना! शेवटी फोन सुकरीआजीच्या कानाला लावायचा ठरला. दोघांनी तिला उचलून स्टुलावर धरली. ती एवढंच म्हणाली, "नवरी तूच. बाकीचा ननंदेचा शाणपणा." आणि खाली उतरली.

माझा शाणपणा! मी नसते तर घरात साठचा पिवळा बल्ब असता, कळलं का?

असता तर बरं झालं असतं, असं आई म्हणाली. आईसुद्धा फुटली!

आता माझा बल्ब पांढरा झाला तरी त्याच्यावर कोणाचाच भरवसा उरला नव्हता. म्हटलं, जुने बल्ब आणावेत. पण मंगळ्याकाकांकडे परत मागायचे? "गरिबांना" म्हणून दिलेले? माझा पाय उचलेना.

शेवटी बाबा उठले. भिंतीवर गेरूचा हात फिरवायला लावला, शिडी घेतली, छपरावर चढले आणि चार कौलं बाजूला केली. बस! ऊन सरळ भिंतीवर. ना ॲप, ना पासवर्ड, ना हॉटस्पॉट. त्या उन्हात गेरू सुकला, सवाशिणींनी एकच चौक काढला, घोड्याला मोजून चार पाय. सुकरीआजीने गाणं धरलं, हळद लागली, दुसऱ्या दिवशी लग्नही झालं. बाबांच्या उन्हाचं कौतुक तर असं, जसा सूर्य त्यांनीच बसवला!

मला वाटलं, गेलं नाशिक. गपचूप भांडी घासत होते. तर बाबा आले, म्हणाले, "फॉर्म दे."

"कशाला?"

"सही करतो. पुढच्या साली धाकट्या करणचं लग्न आहे. तोवर नाशिकलाच राहा."

केली सही! आनंदाने नाही गं, घर वाचवायला! आणि वर मी निघताना चारही बल्ब माझ्या पिशवीत टाकले. म्हणे, "तिथल्या लोकांना दे. गरिबांना उपयोगी पडतील."

आता मला सांग, अशा सहीवर माणसाने पेढे वाटायचे की भांडायचं? तू काय केलं असतंस?