व्यंकटअण्णांचे ब्रेक

आमच्या शेजारचे व्यंकटअण्णा गाडीतून उतरले की थेट घरात जात नाहीत. आधी पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसतात, नाक चाकाजवळ नेतात आणि वास घेतात. आधी डाव्या चाकाचा, मग उजव्या. मग उठून पँट झटकतात आणि समोर जो असेल त्याला निकाल सांगतात, "आज तापलं न्हाय."

समोर बहुतेक वेळा मीच असतो, कारण माझी शाळेत शिकवून यायची आणि त्यांची मागावरून यायची वेळ एकच. मी म्हणतो, "बरं झालं." न तापणं चांगलं की वाईट, हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. आताही खात्रीनं सांगता यायचं नाही.

अण्णा सत्तावन्न वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे टॉवेलचे माग आहेत. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण पद्माक्का, दोघंच. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. का, ते गल्लीत कुणी विचारत नाही. अक्का टॉवेलच्या किनारी शिवते, स्वयंपाक करते आणि अण्णांना रागावते. रागावणं तेलुगूत चालतं, त्यामुळे आम्हा शेजाऱ्यांना फक्त सूर कळतो.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी एका डॉक्टरांची जुनी लाल गाडी घेतली. छोटीशीच, पण पळणारी. मग एक दिवस त्यांनी मोबाइलवर बघितलं की दक्षिणेत रेसचा ट्रॅक आहे आणि वर्षातून काही दिवस तिथं साध्या माणसांना आपापली गाडी पळवू देतात. अण्णांनी नाव नोंदवून टाकलं.

"रेस न्हाय करायची, मास्तर," ते मला म्हणाले. "नुसतं फिरायचं. पण जोरात."

ट्रॅकवाल्यांनी सूचनांचा एक कागद पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, ब्रेक पॅड तपासून घ्या. त्या एका ओळीनं आमचे चार महिने खाल्ले.

ब्रेक पॅड म्हणजे चाकातल्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पट्ट्या. इथपर्यंत मला समजलं. पुढचं रफीकभाईंनी सांगितलं. रफीकभाई अण्णांचे मेकॅनिक, गॅरेज नाक्यावर. त्यांनी टेबलावर तीन खोकी ठेवली.

"ये घरवाला. थंडा रहा तो भी पकडता, पण लई तापा तो छोड देता. ये ट्रॅकवाला. तापने के बाद पकडता, थंडे में सुनताच नै. और ये बीचवाला."

"बीचवाला कसा हाय?" अण्णांनी विचारलं.

"दोनों काम करता. थोडा थोडा."

अण्णांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, कन्फ्यूजन हाय की."

हे वाक्य पुढं मी किती वेळा ऐकलं, सांगता येत नाही. टॉवेलची नक्षी काढायच्या चौकटींच्या वहीत अण्णांनी तिन्ही पॅडचे आलेख काढले. मागावर जायला कुठलं, ट्रॅकला कुठलं, आवाज कुणाचा, धूळ कुणाची. एकदा कुणाच्या सांत्वनाला गेले, तिथं वारलेल्या माणसाचा मेहुणा ट्रक चालवतो असं कळलं, तर अण्णांनी त्यालाच बाजूला घेतलं. मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "जड गाडीचं वेगळं असतंय हो." अण्णांनी तेही वहीत लिहून घेतलं.

मलाही विचारायचे. मी मराठी शिकवतो आणि स्कूटर चालवतो. मी म्हणायचो, "मधलं घ्या." ते म्हणायचे, "थोडं थोडं थांबून कसं चालंल?" मग मी म्हणायचो, "ट्रॅकचं घ्या." ते म्हणायचे, "आणि अक्काला बाजारात न्यायचं कशानं?" मला दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर वाटायचं.

शेवटी त्यांनी दोन्ही घेतले, घरचे आणि ट्रॅकचे. घरच्या पॅडवर जायचं, तिथं बदलायचे, पळवायची गाडी, पुन्हा बदलून परत. पण नवे पॅड आधी चकतीवर बसवून घ्यावे लागतात म्हणे. जोरात जायचं, करकचून दाबायचं, पण गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही, पुन्हा जोरात. असं दहा वेळा. एका रविवारी सकाळी आम्ही वळसंगच्या रस्त्याला गेलो. माझं काम मोजायचं. सहाव्यांदा माझं कपाळ पुढं जाऊन मागं आलं, तेव्हा दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटरसायकलवाला शेजारी आला.

"काय हो, कुणाला मळमळतंय का?"

"न्हाय, पॅड बसवतोय," अण्णा म्हणाले.

त्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. "बसवा, बसवा," म्हणाला आणि निघून गेला.

ट्रॅकवर मीही गेलो, सुट्टी टाकून. अक्कानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. तिथं पोचल्यावर अण्णांना वाटलं, आधी घरच्याच पॅडवर थोडं फिरून बघावं. मी जाळीमागं उभा होतो. लाल गाड्या पाच-सहा होत्या. मी बराच वेळ भलत्याच माणसाला हात करत होतो. तिसऱ्या फेरीनंतर एका लाल गाडीच्या चाकांतून धूर यायला लागला, तेव्हा आमची कुठली ते कळलं.

अण्णा बाहेर आले ते पांढरेफटक पडून. "पाय खाली जातोय, जातोय, आणि गाडी थांबतच न्हाय," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर भीतीपेक्षा समाधान जास्त होतं. वहीत लिहिलेलं खरं निघालं होतं.

मग ट्रॅकचे पॅड चढवले. अण्णा वीस मिनिटं फिरून परत आले. "मास्तर, क्लियर झालं," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून भाकरी खाल्ली.

निघताना पॅड बदलायचे ठरले होते. अण्णा म्हणाले, "राहू दे की. आत्ताच तर चकतीशी जमलंय त्यांचं." मला गाडीतलं कळत नाही, म्हणून मी डबा आवरून गाडीत बसलो.

सोलापुरात आल्यावर ते पॅड किंचाळायला लागले. प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक वळणावर. झोपलेली कुत्री उठून बसायची. अक्का कानावर पदर धरून गाडीत बसायची आणि बाजारात जायची. अण्णा रोज म्हणायचे, "उद्या बदलतो."

डिसेंबरातली गोष्ट. गारठा होता, गाडी रात्रभर बाहेर उभी होती. माझी स्कूटर बिघडली होती म्हणून अण्णा म्हणाले, चला, शाळेपर्यंत सोडतो. पुढं अक्का, मागं मी. आम्ही नुकतेच निघालो होतो. पहिल्याच कोपऱ्यावर एक म्हातारी पेरूची हातगाडी ढकलत आडवी आली. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण थांबायला पाहिजे होती तशी थांबेना. अण्णा दोन्ही पायांनी जवळजवळ ब्रेकवर उभेच राहिले. गाडी थांबली तेव्हा बंपर हातगाडीला टेकला होता. दोन पेरू रस्त्यावर पडले.

म्हातारीनं ते उचलले, पदराला पुसले आणि म्हणाली, "दिसत न्हाय व्हय?" दुसरं काही झालं नाही.

अक्का ओरडली नाही. क्षणभर हातगाडीकडं बघत बसली. मग पिशवी घेतली, दार उघडलं, तेलुगूत दोन शब्द बोलली आणि चालायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"चालत जाते म्हनली."

पुढचं मला रफीकभाईंनी सांगितलं. "अण्णा आया, बोला, घरवाला डालो. बस. एक सवाल नै पूछा. चाय भी नै पिया." चार महिने ज्याला त्याला विचारणाऱ्या माणसानं त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही.

पण अक्का गाडीत बसेना. आवाज गेला होता, ब्रेक पहिल्या स्पर्शाला लागत होते, तरी ती रोज पिशवी घेऊन पायी निघायची. आणि तिच्या मागं, दहा पावलांवर, अण्णांची गाडी. चालत्या माणसाच्या वेगानं. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, अण्णा काचेतून हात काढून त्यांना पुढं जायला सांगायचे.

एकदा मी स्कूटर त्यांच्या शेजारी घेतली. "अण्णा, हे काय चाललंय?"

"थकली मधी तर?" ते पुढं बघतच म्हणाले. मग एका रिक्षावाल्याला पुढं जायचा हात करून, "आठ दिवस झाले, बोलत न्हाय. ताट वाढते, उठून जाते. मागावर दिवसभर खडखड ऐकतो मी, मास्तर. घरी आलो की तिचा एवढा एकच आवाज हाय मला. रागावली असती तरी चाललं असतं."

मी तसाच शेजारून हळूहळू जात राहिलो.

त्या दिवशी बाजारातून परतताना अक्काच्या दोन्ही पिशव्या भरलेल्या होत्या. ती थांबली. मागं न बघता उभी राहिली. गाडी जवळ आल्यावर तिनं मागचं दार उघडलं, पिशव्या सीटवर ठेवल्या, दार लावलं आणि पुन्हा चालायला लागली. अण्णा खाली उतरले. पिशव्यांना सीटचा पट्टा लावला, टोमॅटो घरंगळू नयेत म्हणून नीट ओढून बघितला, आणि पुन्हा तिच्या मागून निघाले.

नंतरच्या गुरुवारी मी शाळेला निघालो होतो. लाल गाडी समोरून येत होती, इतकी हळू की एक सायकलवाला तिला मागं टाकून गेला. अक्का मागच्या सीटवर, पिशव्यांच्या शेजारी बसली होती आणि हातवारे करत तेलुगूत बोलत होती, न थांबता. सूर चांगलाच तापलेला होता. अण्णा समोर बघून गाडी चालवत होते आणि प्रत्येक शब्दाला मान हलवत होते.