साधं, मध्यम, स्पेशल

महिपतीला भूक आवरत नाही, हे त्याच्या पतसंस्थेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. पण ही भूक एक दिवस सासूबाईंना बारामतीच्या घरात मुक्कामाला आणून बसवेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

प्रसंग मेहुण्याच्या दहाव्याचा. बायकोचा, माधवीचा, धाकटा भाऊ रविराज, विशीतला पोरगा, सणसरच्या वळणावर मोटारसायकलसकट उसाच्या ट्रॉलीखाली गेला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता आणि रविराजच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. (हेल्मेट घरी होतं. कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खराब होऊ नये म्हणून.) दोन्हीकडून चूक एवढीशीच, पण हातातोंडाशी आलेलं पोर गेलं.

घाटावर पिंड मांडला होता. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. कावळा बाभळीवर बसून सगळं ऐकत होता, पण खाली उतरत नव्हता. मग रविराजची राहिलेली इच्छा शोधायला सुरुवात झाली. सासरे सर्जेराव हात जोडून म्हणाले, तुझ्या आईला कधी अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. चुलत्यांनी बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. (कावळा गावातलाच असावा, त्याने काही विश्वास ठेवला नाही.) माजी सरपंचांनी यंदा सगळ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर बसवू म्हणून सांगितलं, तेव्हा तर त्याने पाठच फिरवली. ऊन डोक्यावर आलं, पलीकडच्या मंडपातून जेवणाचा वास येऊ लागला आणि महिपतीचा धीर सुटला.

तो पुढं झाला आणि तोंडाला येईल ते बोलला. "रविराज, तुझ्या मोबाईलच्या गेममधला गडी जिल्ह्यात एक नंबरला नेऊन ठेवतो. ये बाबा आता."

कावळा आला. सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि एक भजं घेऊन गेला. माणसं गहिवरली. माधवीने लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याकडे आदराने पाहिलं. महिपतीने पोटभर जेवण केलं आणि त्याच्या लेखी विषय तिथंच संपला.

सासूबाईंच्या लेखी तो तिथं सुरू झाला. तेरावा उरकताच दगडाबाई एक पिशवी आणि रविराजचा मोबाईल घेऊन बारामतीला आल्या. जावयाने शब्द दिलाय, तो पुरा होईपर्यंत हितंच राहते, एवढंच म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या. पोरगा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. टिपूससुद्धा नाही. आईचं दुःख आतच कोंडलंय, ते बाहेर आलं नाही तर तीसुद्धा हातची जाईल, या धास्तीने माधवीला जेवण जात नव्हतं. त्यामुळे महिपतीला नाही म्हणायची सोय उरली नाही.

गेम तलवारबाजीचा होता. जिंकलं की तारे मिळायचे, ताऱ्यांवर चिलखत मिळायचं. हरलं की तारे जायचे आणि अंगावरचंही उतरायचं. रविराजचा गडी काही मोठा शूर नव्हता. हिरवा शर्ट, पायात बूट, हातात तलवार, आणि नुसता उभा राहिला की डोक्यामागं खाजवत बसायचा. बटणं तर दाबायची आहेत, असं म्हणून महिपतीने स्वतःच सुरुवात केली. रविराजने कॉलेजची दोन वर्षं बुडवून मिळवलेले बूट त्याने एका रविवारात घालवले.

तेव्हा कुठं तो स्टँडजवळ अबरारच्या दुकानात गेला. अबरार मोबाईल दुरुस्त करायचा आणि लोकांचे गेममधले गडी तयार करून द्यायचा. भिंतीवर थाळीच्या दरासारखे तीन दर लावले होते. साधं म्हणजे तालुक्यात पहिल्या शंभरात, मध्यम म्हणजे जिल्ह्यात पहिल्या दहात, आणि स्पेशल म्हणजे जिल्ह्यात एक नंबर. गडी जितका खालून उचलायचा तितका दर जास्त. अबरारने मोबाईल पाहिला आणि बारक्या पोरांच्या हातात देत जाऊ नका म्हणाला. महिपतीने शेजाऱ्याच्या पोरावर ढकलून दिलं.

शब्द स्पेशलचा दिला होता, पण खिशात हात घातल्यावर महिपतीला वाटलं, कावळ्याला तालुका काय आणि जिल्हा काय. त्याने साधं घेतलं. संध्याकाळी दगडाबाईंनी एकच विचारलं, एक नंबर झाला का. त्यांच्या कोरड्या डोळ्यांकडे बघून त्याला खोटं बोलवेना. दुसऱ्या दिवशी तो मध्यम करून आला. पुन्हा तोच प्रश्न. शेवटी स्पेशल घेतलं. तिन्ही मिळून जे गेलं त्यात दोन गडी एक नंबरला गेले असते, हे अबरारने त्याला फार मायेने समजावून सांगितलं.

मोबाईल घरी आला तेव्हा माधवीने आईला मधोमध बसवलं. महिपतीने विजयी मुद्रेने पडदा समोर धरला. जिल्ह्यात पहिला, वर मुकुटाची खूण, अंगावर सोन्याचं चिलखत, पाठीला पंख आणि डोक्यावर हनुवटीपर्यंत आलेलं शिरस्त्राण.

दगडाबाईंनी बराच वेळ पाहिलं. "ह्यो कोण?"

"रविराजचा गडी. एक नंबर झाला."

"डोकं खाजवंना का?"

महिपती म्हणाला, डोक्यावर हेल्मेट आहे, खाजवणार कसा.

दगडाबाई अगदी हळू म्हणाल्या, "जिता व्हता तवा घातलं न्हाय. आता कशापायी घातलंत, जावईबापू?"

महिपतीला वाटलं, आपण त्या ट्रॉलीखाली असतो तर बरं झालं असतं. दगडाबाईंनी मोबाईल उपडा ठेवला आणि त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

सकाळी तो अबरारच्या दारात उभा होता. गडी होता तसा करून दे, म्हणाला. अबरारने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले.

"काका, वर न्यायचं दर हायत. खाली आणायला आजवर कुणी आलंच न्हाय," तो म्हणाला. "आन मुद्दाम हरलं की कंपनीला कळतंय, खातं बंद करत्यात. मनापासून खेळून हरणारा माणूस पायजे. आमच्यात तसा कोण न्हाय." मग तो महिपतीकडे बघत राहिला. शेजाऱ्याचं पोर कोण, हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा महिपतीच्या अंगच्या गुणाला काम मिळालं. पतसंस्थेतून आला की तो मनापासून खेळे आणि मनापासून हरे. पंख गेले. मुकुट गेला. आपण कावळ्याला दिलेला शब्द मोडतोय, याने मात्र तो धास्तावला होता. एकदा त्याने तसं बोलून दाखवलं, तर दगडाबाई म्हणाल्या, "कावळ्याचं मी बघते. तुमी हरा."

मधेच एकदा तो चुकून जिंकला. उडीच मारली त्याने. माधवी स्वयंपाकघरातून आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हरायचंबी जमंना का तुमाला?" तो खाली मान घालून पुन्हा बसला.

शिरस्त्राण एका संध्याकाळी उतरलं, चिलखत त्यानंतर. हिरवा शर्ट दिसला तसं दगडाबाई त्याच्या शेजारी येऊन टेकल्या. आता थांबायचं होतं, पण महिपतीचा हात एकदा सुटला की सुटला. आणखी एक लढाई गेली आणि तिच्याबरोबर बूटही गेले. ते परत मिळवायला त्याने पुन्हा अंगठा उचलला.

"ऱ्हाऊ द्या," दगडाबाई म्हणाल्या. "घरात तसाच हिंडायचा."

अनवाणी गडी गेममधल्या विहिरीपाशी उभा राहिला आणि त्याने डोक्यामागं खाजवलं. दगडाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि त्यांना हुंदका फुटला. मग त्या रडल्या, पोटातून, आवाज काढून, शेजारीपाजारी दारात येईपर्यंत. माधवी त्यांना धरून रडली. महिपतीही रडला, आणि बऱ्याच वेळाने चुलीवर काही नाही हे त्याच्या लक्षात आलं, पण तो बोलला नाही.

दगडाबाई मोबाईल पदरात बांधून सणसरला परत गेल्या. इकडे अबरारने भिंतीवर चौथा दर लावला. 'खाली आणून मिळेल', आणि तो स्पेशलपेक्षाही जास्त, कारण हे काम करणारा कारागीर तालुक्यात एकच. महिपतीने त्या दराचा फोटो काढून आणला आणि मोठ्या अभिमानाने बायकोपुढं धरला. बघ म्हणाला, माणूस कधी टाकाऊ नसतो.

माधवीने फोटो वाचला, भाजी निवडून संपवली आणि म्हणाली, "एक सांगून ठेवते. माझ्या दहाव्याला तुमी जेवून या आन गप बसा. कावळा न्हाय आला तरी चालंल."