नानांचं पांढरं कार्ड

आमच्या आळे गावात कुणी आजारी पडलं, की डॉक्टरच्या आधी भालेराव नाना येतात. येतात आणि दारातूनच विचारतात, "कार्ड कुठल्या रंगाचं हाय?"

तुम्ही हसाल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या आळीतला किसन रात्री पत्र्यावर बिबट्या आला म्हणून पळायला गेला आणि पायरीवरून पडला. सकाळी त्याचा पाय उशीएवढा सुजलेला, बायको डोक्याला हात लावून बसलेली, गाडी यायची होती. नाना आले. पायाकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाले, "केशरी ना तुझं? मग रडती कशाला? बारा आकडी नंबर दिसतोय का बघ आधी. आन् आधार घे. दोघांचंबी." किसन कण्हत म्हणाला, "नाना, पाय बघा की." नाना म्हणाले, "पाय डॉक्टर बघल. डॉक्टरला काय दावायचं, ते मी बघतो."

मी गावची आशा सेविका. आजारपणं, बाळंतपणं, लसी ही माझी कामं. त्यामुळे नानांची आणि माझी गाठ रोजच पडते, आणि रोजच वाजते. त्यांचं घर माझ्या घराला लागून. शिंकले तरी मला ऐकू येतं.

नाना तीस वर्षं रेशन दुकानात माप घालायला होते. गहू, तांदूळ, साखर, रॉकेल. पगार बेताचा, पेन्शन वगैरे काही नाही. पण गावातलं एकूण एक कार्ड पाठ. पिवळं म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं, केशरी म्हणजे मधलं, आणि वर्षाला लाखाच्या वर कमाई असली की पांढरं. मी सांगते ती गोष्ट काही वर्षांमागची आहे. तेव्हा मोठी ऑपरेशनं सरकारी योजनेत फुकट व्हायची ती पिवळ्याला आणि केशरीला. पांढऱ्याला नाही. नानांच्या लेखी माणसांच्या जातीच तीन होत्या.

"माणूस आजारी पडतो अंगानं, पर बरा व्हतो कागदानं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा म्हटलं, "नाना, औषधाचं काय?" तर म्हणाले, "त्ये कागदाच्या मागून येतं."

सोयरीक बघायला गेले तरी त्यांचं तेच. मुलाचं शिक्षण, जमीन, काही विचारायचं नाही. "पोराचं नाव बापाच्या कार्डावर हाय का सोताच्या?" पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आता तर नानांना पोहे खायलाही कुणी सोबत नेत नाही.

पण लबाडी त्यांना चालत नाही. ट्रॅक्टरवाला, दोन मजली बंगल्याचा एक बागाईतदार उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडे आला. गरीब दिसावं म्हणून मळका सदरा घालून आला होता. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "राव, साखळी काढून आला, पर गळ्यावर तिचा पांढरा पट्टा राह्यलाय. उन्हात बसा चार दिवस, मग या." तो जो गेला तो परत नाही आला.

आणि खऱ्या गरिबासाठी मात्र नाना जुन्नरच्या कचेरीत हेलपाटे घालायचे. आमच्या वस्तीवरची गिरजाबाई. तिघं मुलगे, तिघांच्या तीन चुली, पण कार्ड एकच. त्या कार्डावर मुलांचा पगार, म्हणून कार्ड पांढरं, आणि म्हातारी मात्र दुसऱ्याच्या वावरात कांदे निवडून खाणारी. तिच्या पोटातली गाठ काढायची होती. नानांनी तिघा मुलांना समोर बसवलं. "चूल येगळी, तर कार्ड येगळं. सही करा." पंधरा दिवसांत म्हातारी एकटी कार्डावर, कार्ड केशरी, ऑपरेशन फुकट. अशी किती कार्डं त्यांनी वेगळी केली, गणती नाही. गावातले टवाळ त्यांना 'घरफोड्या नाना' म्हणतात. नाना म्हणतात, "म्या कागद फोडतो. घरं तुमी आधीच फोडलेली असत्यात."

तर असा हा माणूस, आणि याचं स्वतःचं कार्ड पांढरं.

कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. झालं असं, की नानांना दम लागायला लागला. डेअरीपर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये दोनदा बसायचे. मी ओढून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातली झडप आवळत चालली आहे, बदलायला हवी, फार थांबू नका. पैसे भरून करायचं तर नानांचं घर विकूनही पुरलं नसतं. मी म्हटलं, योजनेत बसवू, आपल्याकडं तर योजनेचा वकीलच आहे. घरी आल्यावर नानांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून पुढं ठेवलं. पांढरं. का, तर मुलगा सुधीर पुण्यात कंपनीत, चांगल्या पगारावर. सात वर्षं झाली, तो त्याच्या बायकोपोरांसकट तिकडं राहतो. पण नाव नानांच्या कार्डावर.

"मग अडलंय कुठं?" मी म्हटलं. "चूल वेगळी, कार्ड वेगळं. तुम्हीच सांगता ना जगाला?"

"करू की," नाना म्हणाले.

केलं मात्र नाही. आज काय, साहेब रजेवर आहे. उद्या काय, सर्व्हर बंद आहे. मग म्हणाले, पाऊस उघडू दे. मग म्हणाले, कांदा निघू दे. नानांना कांदा नाही. नानांना वावरच नाही. मी तोंडावर सांगितलं, "नाना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." त्यावर ते म्हणाले, "हां, आमी पाषाणच," आणि दार लोटून घेतलं.

एक दिवस सकाळी लसीकरणाला निघाले, तर नाना ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला धरून बसलेले. ओठ काळेनिळे. बोलता येईना. पाणी पाजलं, पाठ चोळली. श्वास ठिकाणावर आल्यावर मी असा तोंडाचा पट्टा सोडला की विचारू नका. मरायचं असेल तर तसं सांगा, म्हटलं, मी माझं रजिस्टर घेऊन जाते, नोंद करायला सोपं पडेल.

नाना म्हणाले, "पोरी, त्या कार्डावर तीन नावं व्हती. माझी म्हातारी गेली तवा तिचं नाव म्याच कमी केलं. दुकानात बसून, लाल पेनानं. कायदाच हाय, दाखला आला की कापायचं. लोकांची लई कापली व्हती, पट्टीवानी सरळ. त्या दिशी रेघ वाकडी गेली." त्यांनी तोंड पुसलं. "आता सुधीरचंबी कापू? मग आमच्या घरात हाय कोण?"

"सुधीर येतो का?" मी विचारलं.

"दिवाळीला आला व्हता. म्हंजी, मागल्या न्हाई. त्याच्या मागल्या."

मला रडू आलं, आणि रागही आला. नानांचा, सुधीरचा, ज्यानं हा नियम काढला त्याचा, सगळ्यांचाच. मी तिथूनच सुधीरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, नाव काढा म्हणून मी कधीचा सांगतोय त्यांना. मला कुठं रेशन लागतंय? आणि झडप कसली? मला तर ॲसिडिटी आहे म्हणाले होते."

सोमवारी तो रजा टाकून आला. आम्ही तिघं जुन्नरला गेलो. नाना कचेरीबाहेरच्या बाकावर बसले आणि अर्ज त्यांनीच भरायला घेतला. दुसऱ्या कुणाच्या अक्षरावर त्यांचा भरवसा नाही. नाव, गाव, कार्ड नंबर, सगळं झरझर लिहिलं. मग 'नाव कमी करण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. जन्मभर इतरांच्या अर्जात तिथं डोळे मिटून 'विभक्त' लिहिणारा माणूस. मी म्हटलं, "लिहा की नाना, खिडकी बंद होईल." त्यांनी चष्मा पुसला, कागद मांडीवर नीट घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'मुलगा त्याच्या घरी सुखात आहे.'

सुधीरनं सही करायला अर्ज घेतला. वाचला. परत वाचला. सही करायला त्याला वेळ लागला. मग खाली बघतच म्हणाला, "नाना, आज मुक्कामाला राहू का?"

"ऱ्हा की. इचारतो काय?" नाना म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "चार भाकरी जास्ती टाक गं."

अर्ज घेऊन खिडकीशी मी गेले. ते दोघं बाकावरच बसले होते, एकमेकांजवळ सरकून.

कार्ड पुढं महिन्याभरात आलं, केशरी, एका नावाचं. ऑपरेशनही झालं. आता नाना डेअरीपर्यंत न बसता जातात आणि आल्यावर मला चार गोष्टी सुनावतात. सुधीर महिन्या-दीड महिन्यानं येतो, कधी पोरांना घेऊन, कधी एकटा.

पण त्या सोमवारी संध्याकाळी दोघं माझ्या ओट्यावर जेवायला बसले होते. नानांना मीठ बंद, म्हणून मी वांग्याची भाजी अळणी केली होती, आणि सुधीर ती निमूट खात होता. तो हात धुवायला उठला तसे नाना हळूच मला म्हणाले, "पोरी, म्या लिवलेलं कारण... कापलं तर न्हाई ना त्यांनी?"

खिडकीतल्या मुलीच्या कॉम्प्युटरवर तीनच कारणं होती. मृत्यू, विवाह, विभक्त. तिनं नानांचं वाक्य वाचलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, "ताई, असं काही इथं नाही हो," आणि 'विभक्त'वर बोट दाबलं. माझ्यासमोर.

"नाही नाना," मी म्हटलं. "तुम्ही लिहिलं तसंच घेतलं." आणि त्यांच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.