बाबांच्या ओळखीची खूण

नीटनेटकं अक्षर आणि नीटनेटकं डोकं आमच्या घरात फक्त माझंच आहे, असा एक समज आहे. तो कुणी पसरवला, मला माहीत नाही. (मीच असेन.) त्यामुळे बाबांच्या लष्करातल्या निवृत्तीचे कागद निघाले, तेव्हा ते भरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

बाबा अधिकारी आहेत. एका आवाजात मैदानभर माणसं ताठ उभी करतात, पण फॉर्म दिसला की त्यांना घाम फुटतो. फोनवर म्हणाले, "तूच भर बाई. माझ्या हातून चूक झाली तर मला इथंच ठेवून घेतील."

ते हसत म्हणाले, पण मी ते मनावर घेतलं.

बाबा म्हणजे आमच्याकडे सुट्टीत येणारे पाहुणे. आले की दोन दिवस "कप कुठे ठेवता तुम्ही?" असं विचारतात. तिसऱ्या दिवशी गळका नळ दुरुस्त करतात. मग स्वतःच्याच घरात न्हाणीघराच्या दारावर टकटक करायची त्यांची सवय जरा सुटायला लागते, तोवर बॅग भरायची वेळ झालेली असते. आमच्या शाळेच्या फाटकाशी रोज संध्याकाळी इतर मुलींचे बाबा उभे असतात. जांभया देतात, घड्याळ बघतात, "किती वेळ गं? चल लवकर!" असं खेकसतात. लाड करणारे, भेटी आणणारे बाबा मला होतेच. मला ते कंटाळलेले बाबा हवे होते.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. वर लाल अक्षरांत बजावलेलं होतं की, एकदा पाठवल्यावर दुरुस्ती होणार नाही. मी श्वास रोखून भरत गेले आणि एका रकान्यापाशी थांबले. अंगावरची ओळखीची खूण.

"बाबा, खूण काय लिहू?"

"भरती झालो तेव्हाच्या कागदात दोन लिहिल्यात बघ. डाव्या गुडघ्याखाली जखमेचा व्रण आणि वरच्या ओठावर तीळ."

"इथे एकालाच जागा आहे."

"मग घाल तुला आवडेल ती."

आता सांगा, गुडघ्याचा व्रण कुणाला आवडेल? तोही सायकलवरून पडून झालेला. आणि तीळ! बाबांच्या चेहऱ्यावर तीळ आहे आणि मला तो माहीतच नाही, याचं मला इतकं नवल वाटलं की मी सुवाच्य (म्हणजे टाइप करून, पण सुवाच्य) लिहिलं : वरच्या ओठावर तीळ. आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं.

"कुठला तीळ?" आई म्हणाली. "त्यांना तीळबीळ काही नाही."

खालच्या मजल्यावर राहणारी आत्या तेव्हा चहाला आलेली होती. ती बशीत चहा ओतता ओतता सहज म्हणाली, "आहे ना. अगदी नाकाखाली, उजवीकडे. लहानपणी आम्ही त्याला चिडवायचो."

"इतक्या वर्षांच्या संसारात मला कसा दिसला नाही?"

"तुला कसा दिसणार? तू आलीस ती मिशी आल्यानंतर."

दुसरा कप विचारायचा असतो, तो आईने आत्याला विचारला नाही.

बाबांच्या मिशीबद्दल सांगायला हवं. ती जाड, काळीभोर आणि दोन्ही टोकांना वर वळलेली होती. बाबांच्या आधी ती दारातून आत यायची. आई म्हणते, "मी होकार दिला तो मिशी बघून. बाकीचे हे नंतर कळले." बाबा वर्षभर नसायचे, पण भिंतीवरच्या फोटोत मिशी असायची. मला ताप आला की मी त्या मिशीकडे बघत पडायचे. तिच्याखाली काही असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चार दिवसांनी बाबांची शेवटची वैद्यकीय तपासणी झाली. तिथे काय घडलं, ते त्यांनीच फोनवर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "तीळ दाखवा."

"मिशीखाली आहे."

डॉक्टरांनी टॉर्च मारला. कंगव्याने भांग पाडून पाहिला. भिंगही आणलं. मग हात टेकून म्हणाले, "साहेब, मला दिसल्याशिवाय सही करता येणार नाही. मिशी काढा."

"डॉक्टर, एकवीस वर्षांची मिशी आहे ही!"

"तीळ तिच्याहून जुना आहे."

"गुडघ्याखाली व्रण आहे, तो बघा ना. चांगला मोठा आहे."

"फॉर्ममध्ये व्रण नाही. फॉर्म कुणी भरला?"

यावर बाबांनी माझं नाव सांगितलं नाही. स्वतःच भरला, असं म्हणाले. मला फोनवर रडूच आलं.

"अगं, रडतेस काय? मिशीच आहे, उगवेल परत. आईला दे जरा."

आईने फोन घेतला. भिंतीवरच्या फोटोकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "काढा. आधी घरी या, मग वाटेल तेवढ्या वाढवा."

आत्या तिला धीर द्यायला गेली. "काही काळजी करू नकोस गं, मी पाहिलाय त्याला बिनमिशीचा."

"म्हणूनच काळजी वाटते," आई म्हणाली.

मिशी गेली. तीळ सापडला. डॉक्टरांनी सही केली. प्रकरण इथे संपलं, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. मी कपाटातला बाबांचा अर्धा भाग रिकामा केला. (तिथे आजवर रजया ठेवायचो आम्ही.) समोरच्या काकूंना मी आनंदाने सांगितलं, "बाबांना रविवारी डिस्चार्ज मिळतोय!" तर त्या बिचाऱ्या सफरचंदं घेऊन आल्या आणि हळूच विचारायला लागल्या, "ऑपरेशन कसलं होतं?"

पण सही घेऊन बाबा आपल्या कचेरीच्या गेटवर पोचले, तर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

"ओळखपत्र?"

बाबांनी दाखवलं. त्याने फोटो पाहिला, बाबांकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"हे आमचे साहेब आहेत. तुम्ही कोण?"

"अरे, मीच तो! आवाज ओळख."

"आवाज कुणीही काढेल. चेहरा कार्डाशी जुळल्याशिवाय सोडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम आहे."

हुकूम बाबांचाच होता. त्यामुळे त्यांना त्याच्यावर ओरडताही येईना. शेवटी हेडक्लार्क बाहेर आले आणि त्यांनी बाबांना चालीवरून ओळखलं. आत गेल्यावर मात्र तेच म्हणाले, "साहेब, आता सगळ्या कागदांवर नवीन फोटो लागणार. हा चेहरा आमच्या रेकॉर्डवर नाही." आणि तिथला फोटोग्राफर रजेवर होता. दुसऱ्यांच्या लग्नात फोटो काढून कंटाळला असावा, म्हणून स्वतःच्या लग्नाला गेला होता.

रविवार गेला. पुढचा रविवारही गेला. कपाटाचा अर्धा भाग रिकामाच राहिला आणि रजयांचा ढीग माझ्या पलंगावर. मी त्यांच्या कडेला अंग चोरून झोपायचे आणि विचार करायचे, गुडघा लिहिला असता तर?

बाबा रोज फोन करायचे, पण चेहरा दाखवायचे नाहीत. व्हिडिओ लावला की मोबाइल छताकडे वळवायचे. इतके दिवस आम्ही एका पंख्याशी बोललो.

"बाबा, दाखवा ना!"

"नको. तू हसशील."

"नाही हसणार."

"मग आई हसेल."

आई हसली नसती. एका दुपारी ती लग्नाचा अल्बम घेऊन खिडकीशी बसलेली मी पाहिली. बाबांच्या फोटोवर तिने बोट आडवं धरलं होतं, बरोबर मिशीवर. वाकून बघत होती. मला वाटलं, लगेच अल्बम मिटेल. पण तिने कितीतरी वेळ बोट काढलंच नाही.

अखेर नवरदेव फोटोग्राफर परत आला, फोटो निघाले, शिक्के बसले. बाबांचा फोन आला, "सुटलो!" आणि दुसऱ्याच दिवशीच्या गाडीने ते निघाले.

स्टेशनवर जायच्या आधी मी आरशासमोर तालीम केली. मला चारचौघांत मोठ्याने बोलता येत नाही, पळता तर मुळीच येत नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं होतं, बाबा दिसले की फलाटावरून धावत सुटायचं आणि सगळ्यांसमोर मिठी मारायची. लोक बघेनात का.

गाडी लागलेली होती. आई पाण्याची बाटली घ्यायला मागे थांबली आणि मी डब्याच्या दारासमोर जागा धरली. माझी नजर बारीक आहे, असं बाई शाळेत सगळ्यांना सांगतात. मी एकेक उतरणारा माणूस पारखून घेत होते. पण माझ्या अगदी पुढ्यात एक काका येऊन उभे राहिले. पायाशी ट्रंक. शर्टाची कडक इस्त्री, पण बटणं पोटावर ताणलेली. नाकातोंडावर रुमाल धरलेला. सर्दी झाली असावी, म्हणून मी एक पाऊल मागे सरकले. ते एकटक माझ्याकडेच बघत होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. पण त्यांच्यामुळे मला दार दिसेना. शेवटी सगळा धीर गोळा करून मी म्हटलं,

"काका, जरा बाजूला होता का? माझे बाबा येताहेत."

ते ताबडतोब बाजूला झाले. ट्रंकही सरकवली. मला इतकं बरं वाटलं की मी आपणहून पुढे बोलले (अनोळखी माणसाशी! मी!) :

"नेहमी परत जायला येतात. या वेळी राहायला येताहेत."

काकांनी मान हलवली. रुमाल डोळ्यांपर्यंत नेला. बरीच सर्दी होती.

गर्दी ओसरत गेली. दारातून आता हमाल उतरायला लागले. तेवढ्यात मागून आई आली, बाटली हातात, चेहरा लालेलाल. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"अगं, अशी काय उभी आहेस? घरी नाही जायचं?"

"थांब ना आई, बाबा अजून उतरलेच नाहीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. बाजूला झालेल्या काकांनी डब्याच्या दारावरची नजर न काढता तोंडावरचा रुमाल खाली घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"हो ना. मीसुद्धा केव्हाचा त्यांचीच वाट बघतोय."

आवाज बाबांचा होता.